आर्द्रता चौदा टक्के

फेब्रुवारीत औलूची हवा
तडकेल इतकी कोरडी होते.
बाहेर उणे सत्तावीस, आत हीटर,
आणि माझ्या सुईच्या टोकाशी
पुन्हा एक पांढरी गुठळी.

सकाळपासून सातवी.

द्रावणात खोट नाही. मीच केलंय ते,
रात्रभर ढवळलंय:
भूर्जाच्या लगद्यातलं सेल्युलोज,
त्याचं ॲसिटेट, ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं,
मधाहून थोडं पातळ.
पंप तासाला एक मिलिलिटर ढकलतो.
सुई आणि फिरता ढोल, मध्ये वीतभर अंतर,
आणि त्या वीतभरात अठरा हजार व्होल्ट.
एवढं सगळं मांडून
ॲसिटोन उडून जातं सुईच्या तोंडातच,
भाषणाला उभ्या राहिलेल्याचा
ऐनवेळी घसा सुकावा, तसं.

दारात इल्पो.
गॅसच्या टाक्या बदलायला येतो, आठवड्यातून दोनदा.
त्याआधी एकतीस वर्षं कागदाच्या मशीनवर,
नदीकाठची गिरणी बंद होईपर्यंत.
भिंतीवरचा आकडा वाचतो: चौदा.
"चौदाला आमचा कागदपण फाटायचा,"
म्हणतो, आणि जातो.

परत येतो तो तळघरातल्या सॉनामधले
चार ओले टॉवेल घेऊन.
"किटलीच लावणार होतो. पण तुझं ते ॲसिटोन."
वीज मी बंद करते.
तो खुर्च्यांच्या पाठींवर टॉवेल पसरतो,
पेटीपासून हातभर लांब, कडा जुळवून.
मग आम्ही बाहेर कॉफी घेतो
आणि काही बोलत नाही,
जे आम्हा दोघांनाही चांगलं जमतं.

एकवीस. सव्वीस.
चौतीस.

थेंब लोंबतो, गोल, आळशी.
दहा हजार. बारा. पंधरा.
थेंब निमुळता होत जातो
आणि अठराला त्याच्या अणकुचीतून
काहीतरी निघतं:
दोन बोटं सरळ,
मग चाबूक फिरावा तसं गरगर,
मग दिसतच नाही.
ढोलावरच्या फॉइलवर तेवढं
धुकं बसू लागतं.

इथे टकळी नाही, पेळू नाही,
चिमटीतून सोडणारं कुणी नाही.
या धाग्याला पीळच नसतो.
तो नुसता ताणला जातो, जाता जाता वाळतो.
(सुंभ जळाला तरी न जाणारा तो पीळ
इल्पोत आहे, असं त्याची बायको म्हणते.)

"दिवसाला किती निघतं?"
"अर्धा ग्रॅम. दिवस चांगला असेल तर."
त्यांच्या मशीनचा आकडा टनांत होता.
इथे पोरासोरांनाही तो पाठ आहे.
तो उच्चारत नाही.
मीही नाही.

संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली:
अडीचशे नॅनोमीटर, बरेचसे नितळ,
मध्येमध्ये मणी.
मणी म्हणजे दोष.
हाउटामाकीबाई उद्या म्हणतील, परत कर.
इल्पो पडद्याजवळ चष्मा कपाळावर सारून बघतो,
बराच वेळ.
"हा कागदच की," म्हणतो.

नाही म्हणायला तोंड उघडते.
एकावर एक पडलेले,
कुणी न विणलेले, कुणी न बांधलेले,
तरी सुटत नाहीत.
तोंड मिटते.

कापलेला एक तुकडा चिमट्यात धरून
त्याच्यापुढे करते, हातात घे म्हणून.
तळव्यापासून अजून बोटभर वर असतानाच
तो तुकडा उडी मारून त्याच्या हाताला चिकटतो.
वीज कधीचीच बंद आहे.
इल्पो दचकतो, मग हसतो,
तीन दात नसलेलं हसू.
वजन लागत नाही म्हणतो, काहीच लागत नाही.

उद्या याला सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवायचं,
ॲसिटेट उतरवून टाकायचं.
मग उरेल ते पुन्हा नुसतं सेल्युलोज,
झाडात होतं तेच,
झाडाविना.

टॉवेल खडखडीत वाळलेत.
तो त्यांच्या घड्या घालतो, थांबतो,
आकड्याकडे बघतो,
आणि घड्या तशाच उलगडून
नळाखाली नेतो.